गारिफुना पूर्वज न्यूयॉर्कला पोचतात तेव्हा

होंडुरासच्या कॅरिबियन किनाऱ्यावरच्या गारिफुना वस्तीत एखाद्याचं दुखणं औषधांनी हटेना आणि स्वप्नात मेलेले आजी-आजोबा येऊ लागले, की घरचे बुयेईकडे जातात. बुयेई म्हणजे पूर्वजांशी बोलणारा, किंवा बोलणारी. पूर्वजांची हेळसांड झालीय असं निघालं, तर त्यांना स्नान किंवा जेवण देऊन कधी भागतं. पण त्यांनी ‘दुगू’ हा सर्वांत मोठा विधी मागितला तर सगळ्या गोतावळ्याला जमावं लागतं आणि तयारीतच महिनोन्‌महिने जातात. ही माणसं कॅथलिकही आहेत. मृतांसाठी चर्चमध्ये मिसा होतेच.

दुगूसाठी झावळ्यांनी शाकारलेलं, मातीच्या जमिनीचं देऊळ लागतं. तीन ढोल, खुळखुळे, कोंबडे, रम, कसाव्याची भाकरी. कपडे शेंद्रीच्या बियांनी केशरी रंगवलेले. काही नातेवाईक आधीच होड्या घेऊन समुद्रात जातात. ते मासे-खेकडे घेऊन परततात तेव्हा त्यांच्याबरोबर पूर्वजही किनाऱ्याला लागतात, अशी समजूत. मग ढोल वाजू लागतात आणि पूर्वज वंशजांच्या अंगात येतात.

ते येतात सेंट व्हिन्सेंट बेटावरून. आफ्रिकी आणि तिथले मूळ रहिवासी यांच्या मिश्रणातून हा समाज त्या बेटावर घडला. इंग्रजांशी लढाई हरल्यावर हजारोंना बालिसो नावाच्या उजाड बेटावर डांबलं गेलं, तिथे निम्म्याच्या आसपास मेले, आणि उरलेल्यांना 1797 मध्ये होंडुरासजवळच्या रोआतान बेटावर आणून सोडलं. म्हणजे ज्याला आपण ‘गावचा मूळ विधी’ म्हणू, त्यातही हरवलेल्या गावाची आठवण आहेच.

विसाव्या शतकात दुसरं स्थलांतर झालं. केळीच्या कंपन्यांची कामं आटत गेली, व्यापारी जहाजांवरच्या नोकऱ्यांनी वाट दाखवली आणि न्यूयॉर्कच्या ब्राँक्स, हार्लेममध्ये गारिफुना वस्त्या उभ्या राहिल्या. फ्लॅटमध्ये मातीची जमीन कुठली आणि होडी लावायला किनारा कुठला! त्यामुळे तिथे घरगुती, छोटे विधी होतात. पुरा दुगू करायचा तर बहुधा गावीच जावं लागतं.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो शेजाराचा परिणाम. ब्राँक्समध्ये क्यूबन आणि पोर्तो रिकन लोकांचा, आफ्रिकी मुळांचा सांतेरिया पंथ आहे, त्याच्या पूजासामानाची दुकानं आहेत. ढोल, बळी, अंगात येणं हे सगळं तिथेही. धर्मांचे अभ्यासक पॉल ख्रिस्तोफर जॉन्सन यांनी होंडुरास आणि न्यूयॉर्क अशा दोन्ही ठिकाणी राहून याचा अभ्यास केला. न्यूयॉर्कचे काही बुयेई सांतेरियाची दीक्षाही घेतात, आपल्या पूर्वजांचं नातं पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांच्या दैवतांशी जोडतात, आणि स्वतःला आफ्रिकेतून विखुरलेल्यांपैकी एक समजू लागतात, असं त्यांना आढळलं. गावातल्या विधीची ओढ सेंट व्हिन्सेंटकडे असते; इथे तिच्यामागे आफ्रिका उभी राहते. अमेरिकी समाज या माणसांना आधी ‘काळे’ म्हणूनच पाहतो, हेही त्यामागे असणार. शिवाय गावात जे न सांगता करायचं असतं, ते इथे परक्यांना समजावून सांगावं लागतं, आणि सांगता सांगता त्याला ‘धर्म’ असं वेगळं रूप येतं.

हे विचार गावीही परततात, पैशांसोबत. न्यूयॉर्कच्या डॉलरांवर मोठे दुगू उभे राहतात. मात्र ज्यांच्याकडे अमेरिकेची कागदपत्रं नाहीत, ते गावी गेले तर परतीचं दार बंद होण्याची भीती असते. गुबिदांना, म्हणजे या पूर्वजांना, हवं असतं सगळं कुटुंब. अशांच्या वाट्याला पैसे पाठवणं तेवढं उरतं.