हापूसला थंडी किती हवी?

दिवाळी सरली की रत्नागिरी-देवगडच्या बागायतदाराचं लक्ष पहाटेच्या पाऱ्याकडे लागतं. मोहोर लांबला की पहिला प्रश्न ठरलेला: थंडी पडली का?

आंबा मुळात उष्ण प्रदेशातलं झाड. पावसानंतर जमीन सुकते, पारा उतरतो आणि झाडाची वाढ थांबते. हा ताण बसला तर जून झालेल्या काडीच्या शेंड्यातून मोहोर फुटतो. ओल आणि ऊब टिकली तर त्याच डोळ्यातून पालवी येते. परतीचा पाऊस लांबला की बागा तांबूस पालवीने सुरेख दिसतात, मालक मात्र कपाळाला हात लावतो.

रायवळ आंब्याच्या काळात याची इतकी धास्ती नव्हती. बाठीतून उगवलेलं प्रत्येक झाड वेगळं, त्याचा मोहोरही आपापल्या वेळी. पोर्तुगीज अमदानीत गोव्यात कलमं बांधण्याची रीत रुजली, हापूस कोकणभर पसरला आणि बागाच्या बागा एकाच वाणाच्या झाल्या. हवा बिघडली की सगळ्याच कलमांना एकदम फटका.

नव्वदच्या दशकात पॅक्लोब्युट्राझोल हे वाढ रोखणारं रसायन, म्हणजे बागेतल्या भाषेत ‘कल्टार’, कोकणात रुळलं. जुलै-ऑगस्टमध्ये बुंध्याभोवती दिलं की पालवीला आळा बसतो आणि थंडीची फार वाट न पाहता मोहोर येतो. लवकर आंबा, चढा दर. पण मोहोर आला म्हणजे फळ धरलंच असं नाही, हे इथे विसरलं जातं.

कारण थंडी जास्त झाली तरी पंचाईत. कडाक्यात मोहोरात नर फुलं वाढतात, संयुक्त फुलं, म्हणजे नर-मादी दोन्ही भाग असलेली, ज्यांना फळ धरतं ती, घटतात. हापूसमध्ये ती आधीच कमी. परागकण अशक्त होतात, माश्याही फिरकत नाहीत. जानेवारी-फेब्रुवारीत थंडी रेंगाळली तर पुनर्मोहोर येतो: कणी, म्हणजे इवलंसं फळ, धरलेल्या काडीलाच नवा मोहोर फुटतो, अन्नरस तिकडे वळतो आणि वाटाण्याएवढी फळं गळून पडतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने त्यावर जिबरेलिक आम्ल या वनस्पती-संप्रेरकाची ५० पीपीएम (दशलक्षात ५० भाग) फवारणी सुचवली.

डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळाच्या पावसाने ऐन मोहोर भिजला, तो धक्का वेगळा. हवामानावर आधारित फळपीक विम्यात आता कोकणच्या आंब्यासाठी अवेळी पाऊस, वारा आणि जास्त तापमान यांच्या जोडीला कमी तापमानही आहे. नोव्हेंबरात थंडीची वाट पाहणारा बागायतदार त्याच थंडीविरुद्ध हप्ता भरतो.