ऑस्लो हिवाळी ऑलिंपिक, १९५२ : खेळाडू आणि प्रेक्षक

नॉर्वेची राजधानी ऑस्लो येथे १४ ते २५ फेब्रुवारी १९५२ या काळात भरलेली सहावी हिवाळी ऑलिंपिक स्पर्धा. तीस देशांचे ६९४ खेळाडू तीत उतरले. त्यांत १०९ स्त्रिया होत्या. १९५२ म्हटले की मराठी माणसाला हेलसिंकी आठवते आणि तिथे कुस्तीत कांस्यपदक मिळवणारे गोळेश्वरचे खाशाबा जाधव. ऑस्लोची स्पर्धा त्याआधी पाच महिने झाली. भारताचा संघ तिथे नव्हता. तोवर ही स्पर्धा शामोनी, सेंट मॉरित्झ यांसारख्या डोंगराळ गावांत भरत असे. राजधानीच्या शहरात ती प्रथमच आली, आणि तीही अशा लोकांत ज्यांना चालता येऊ लागले की स्कीही (पायांना लांब फळ्या बांधून बर्फावरून घसरणे) येऊ लागते. या स्पर्धेचे खरे वेगळेपण तिच्या प्रेक्षकांत आहे.

ज्योत ग्रीसहून आणली नाही. तेलेमार्क प्रांतातल्या मॉर्गेदाल या खेड्यात, आधुनिक स्कीइंगचा जनक मानल्या जाणाऱ्या सोंद्रे नूरहाइमच्या जन्मघरातल्या चुलीवर ती पेटवण्यात आली. पेटवणारे ओलाव ब्योलान हे आमुंडसेनबरोबर दक्षिण ध्रुवावर पोहोचलेल्या पाच जणांपैकी एक. तिथून ९४ स्कीपटूंनी ती हातोहात ऑस्लोला आणली. बिस्लेट मैदानावर ती शेवटी हाती घेतली ध्रुवसंशोधक फ्रिट्यॉफ नान्सेन यांचा नातू आइगिल नान्सेन याने. घरच्या चुलीतला विस्तव जागतिक सोहळ्यात नेण्याची ही कल्पना आजही मनाला भिडते.

उद्‌घाटनावर मात्र शोकाची छाया होती. ६ फेब्रुवारीला इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज वारले. १५ तारखेला त्यांचा अंत्यविधी असल्याने राजे सातवे होकून आणि युवराज ओलाव लंडनला गेले होते. त्यामुळे राजकन्या रांगनहिल हिने स्पर्धा खुली झाल्याचे जाहीर केले. ऑलिंपिकचे उद्‌घाटन स्त्रीच्या हस्ते होण्याची ही पहिलीच वेळ. महाविशाल उताराची (जायंट स्लालम, म्हणजे रोवलेल्या काठ्यांमधून वळणे घेत स्कीवर उतरण्याची) शर्यत तर आदल्याच दिवशी, ऑस्लोपासून शंभरावर किलोमीटर दूर असलेल्या नूरेफ्येल डोंगरावर सुरू झाली होती. डोंगरउतारांवर बर्फ कमी पडल्याने सैनिक आणि स्वयंसेवक यांनी बर्फ वाहून आणून वाटा तयार केल्या.

जर्मनीचा सहभाग हा यजमानांसाठी हळवा प्रश्न होता. १९४० ते १९४५ अशी पाच वर्षे नॉर्वे जर्मन ताब्यात होते. त्या काळात नॉर्वेच्या खेळाडूंनी नाझींच्या अंमलाखालील क्रीडासंघटनेवर बहिष्कार टाकला होता. अधिकृत सामन्यांपासून खेळाडू दूर राहत आणि गॅलऱ्या ओस पडत. सात वर्षांपूर्वीच संपलेली ही आठवण मनात ठेवून ऑस्लोकरांनी जर्मन संघाला आपल्या शहरात खेळताना पाहिले, आणि त्या संघाने बॉबस्लेची (बर्फाच्या उतरंडीवरून घसरणाऱ्या गाडीची शर्यत) दोन्ही सुवर्णपदके जिंकली. जड गडी, जड गाडी असा त्यांचा हिशेब होता. पुढे बॉबस्लेच्या नियमांत एकूण वजनावर मर्यादा आली.

गर्दीचा लाडका होता यालमार आंदेर्सेन, लोकांचा ‘यालिस’. पेशाने ट्रकचालक. १७, १८ आणि १९ फेब्रुवारी या लागोपाठ तीन दिवशी त्याने स्पीड स्केटिंगच्या ५,०००, १,५०० आणि १०,००० मीटर शर्यती जिंकल्या. पाच हजारांत तो दुसऱ्यापेक्षा ११ सेकंदांनी पुढे होता, तर दहा हजारांत जवळपास २५ सेकंदांनी. या शर्यतीत एका वेळी दोघेच धावतात. खरी लढत घड्याळाशी असते. नवख्याला ते कंटाळवाणे वाटेल. पण नॉर्वेचा प्रेक्षक हातात कागद-पेन्सिल घेऊन प्रत्येक फेरीची वेळ टिपत असे, आधीच्या स्केटरच्या वेळेशी ताडून पाहत असे. यालिस ठरल्या वेळेपेक्षा अर्धा सेकंद पुढे सरकला की तो आकडा वाचणाऱ्या हजारोंना एकाच क्षणी कळे.

परक्यांचे कौतुकही मनापासून झाले. अमेरिकेची १९ वर्षांची अँड्रिया मीड लॉरेन्स स्लालमच्या पहिल्या फेरीत पडली, उठली, आणि तरीही सुवर्णपदक घेऊन गेली. महाविशाल उताराची शर्यत तिने आधीच जिंकली होती. स्त्रियांची १० किलोमीटर स्की-शर्यत ऑलिंपिकमध्ये प्रथमच झाली आणि तिन्ही पदके फिनलंडला गेली. पहिली आली लिडिया विडेमान. अमेरिकेच्या डिक बटनने फिगर स्केटिंगमध्ये हवेत तीन गिरक्या घेणारी उडी स्पर्धेत प्रथम करून दाखवली.

२४ फेब्रुवारीचा रविवार होल्मेनकोलेनचा. १८९२ पासून चालत आलेल्या या टेकडीवरच्या स्की-उड्यांना लाखाहून अधिक लोक आले. ऑस्लोची वस्ती तेव्हा सव्वाचार लाखांच्या आसपास होती! वसवलेल्या खुर्च्या थोड्या. बहुतेकजण बर्फात उभे, पाठीवर पिशवी, पिशवीत कॉफीचा थर्मास. लंडनहून परतलेले राजे होकूनही हजर होते. उडी मारणारा कठड्यावरून सुटला की गर्दी क्षणभर श्वास रोखते आणि तो टेकताच टेकडीवरून गर्जना उठते. नॉर्वेत या गर्जनेला खास नावच आहे. आर्नफिन बर्गमानने सुवर्ण आणि उद्‌घाटनाला खेळाडूंची शपथ घेणाऱ्या तोरब्यर्न फाल्कांगेरने रौप्य मिळवले. १९२४ पासून प्रत्येक हिवाळी ऑलिंपिकमध्ये उडीचे सुवर्ण नॉर्वेकडेच राहिले होते. ती परंपरा इथे घरच्या माणसांसमोर शेवटची टिकली.

एकूण १६ पदके (७ सुवर्ण, ३ रौप्य, ६ कांस्य) मिळवून नॉर्वे पहिले आले. खेळाडूंसाठी सोग्न, उलेव्होल आणि इला येथे बांधलेल्या वसाहती नंतर अनुक्रमे विद्यार्थी, रुग्णालयातले कर्मचारी आणि वृद्ध यांच्या निवासासाठी देण्यात आल्या.