दहावीचे रसायन: पस्तिसावरून विसावर

गणित आणि विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी दहावीच्या मुलाला अकरावीला जाता येईल, ही राज्याच्या नव्या अभ्यासक्रम आराखड्यातली तरतूद ऑक्टोबर २०२४ मध्ये चर्चेत आली. सोबत एक अट होती. अशा मुलाच्या गुणपत्रिकेवर शेरा पडणार, आणि गणित-विज्ञानावर आधारलेले पुढचे शिक्षण त्याला बंद होणार. शेरा नको असेल तर त्याने पुन्हा परीक्षेला बसावे. चर्चा गणिताभोवतीच जास्त फिरली. विज्ञानाचे, त्यातही रसायनाचे, काय होणार हे फारसे कोणी विचारले नाही. मराठवाड्यापुरते तरी ते विचारायला हवे, कारण इथे हा विषय सर्वांच्या दप्तरात येऊन जेमतेम पन्नास वर्षे झाली आहेत.

विषयाच्या गाभ्याबद्दल फार लिहायला नको. रासायनिक बदलात वस्तुमान टिकते हे अठराव्या शतकाच्या अखेरीस ठरले, अणुसिद्धान्त १८०८ चा, आवर्त सारणी १८६९ ची, आणि आम्ल म्हणजे पाण्यात हायड्रोजन आयन देणारा पदार्थ ही व्याख्या १८८० च्या दशकातली. दहावीच्या पुस्तकातले बरेचसे रसायन १९०० पूर्वीचे आहे. त्यामुळे काय शिकवायचे यावर इथे कधी मोठे भांडण झाले नाही. ते कोणाला शिकवायचे आणि परीक्षानळीसह की परीक्षानळीशिवाय, यावर मात्र झाले.

निजामाच्या काळात हा प्रश्न भाषेनेच निकालात काढला होता. १९१८ मध्ये हैदराबादेत उर्दू माध्यमाचे विद्यापीठ निघाले आणि त्यासाठी रसायनाची पुस्तके उर्दूत आणली गेली. मूलद्रव्याला उनसुर, संयुगाला मुरक्कब, आम्लाला तुर्शा. काम थोर होते, पण घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला संयुगापर्यंत पोचण्याआधी एक भाषा ओलांडावी लागे. औरंगाबादला इंटरमीजिएट कॉलेज आले ते १९२३ मध्ये. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची सत्ता संपल्यानंतर शाळांचे माध्यम बदलले, पण मराठीतून विज्ञान शिकवणारा माणूस एका रात्रीत कुठून आणणार? १९५० मध्ये औरंगाबादेत नवे महाविद्यालय उघडले, १९५८ मध्ये विद्यापीठ झाले, आणि त्यातून बी.एस्सी. होऊन बी.एड. करणारी पहिली फळी तालुक्याच्या शाळांत पोचेपर्यंत साठचे दशक सरत आले.

तेवढ्यात मोठा बदल आला. १९६४ ते १९६६ च्या राष्ट्रीय शिक्षण आयोगाने पहिली दहा वर्षे विज्ञान आणि गणित सर्वांना सक्तीचे करा असे सांगितले होते. महाराष्ट्रात दहा अधिक दोनचा आकृतिबंध १९७२ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाला आणि १९७५ मध्ये दहावीची पहिली तुकडी परीक्षेला बसली. जुन्या अकरावीच्या मॅट्रिकला विषय निवडायला बराच वाव होता, तो संपला. १९७२ म्हणजे मराठवाड्यात दुष्काळाचे साल. बाप खडी फोडायला गेला आहे आणि मुलाच्या वर्गात पहिल्यांदाच सर्वांसाठी समीकरणे संतुलित करणे सुरू आहे, असा तो योग. सक्ती चुकीची होती असे मी म्हणणार नाही. सक्ती नसती तर खेड्यातल्या मुली रसायनाच्या वाऱ्यालाही उभ्या राहिल्या नसत्या. पण प्रयोगशाळेची सक्ती तिच्यासोबत त्याच जोराने आली नाही, आणि पुढच्या बहुतेक गोष्टी इथून फुटतात.

आता त्या विसाकडे येऊ. विज्ञानाच्या गुणांत एक वीस आधीपासूनच आहे. लेखी परीक्षा ८० गुणांची, ४०-४० च्या दोन भागांत, आणि उरलेले २० प्रात्यक्षिकाचे. लेखी पेपर मंडळाचा असतो, प्रात्यक्षिकाचे गुण शाळेच्या हातात. दहावीच्या प्रात्यक्षिकांत क्लोराइड, ब्रोमाइड आणि आयोडाइड आयन ओळखण्याचा प्रयोग आहे. द्रावणात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकायचे. पांढरा साका, म्हणजे तळाशी बसणारा गाळ, आला तर क्लोराइड, फिकट पिवळा आला तर ब्रोमाइड, पिवळाधमक आला तर आयोडाइड. करायला पाच मिनिटे लागतात आणि मुले आयुष्यभर विसरत नाहीत. पण सिल्व्हर नायट्रेट महाग. म्हणून कित्येक शाळांत ती तपकिरी बाटली कपाटात कुलपात राहते आणि मुले छापील प्रयोगवहीत ‘पांढरा साका मिळतो’ असे भरतात. वही पूर्ण, सही झाली, गुण मिळाले. वीसपैकी अठरा-एकोणीस ही शाळांतली नेहमीची गोष्ट.

शाळेच्या हातातल्या गुणांचे वजन किती, हे एकदा उघड झाले होते. २०१८-१९ मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढून टाकले. २०१८ चा राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता, तो २०१९ मध्ये ७७.१० वर आला. ओरड झाली, गुण परत आले, आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. विज्ञानाचे २० मात्र या सगळ्यात शाबूत राहिले. प्रात्यक्षिक हे विज्ञानाचे अंगच आहे असे त्यामागचे कारण. तत्त्व म्हणून ते मान्य. २०२१ मध्ये करोनामुळे परीक्षाच झाली नाही आणि अंतर्गत मूल्यमापनावर ९९.९५ टक्के मुले पास झाली, हे सोबत ठेवून पाहिले की तत्त्व आणि व्यवहार यांतले अंतर दिसते.

उत्तीर्णतेचा नवा उंबरठा १०० पैकी २० असा धरला, तर शाळेने दिलेल्या प्रात्यक्षिकाच्या गुणांवरच मूल उंबरठ्याशी येऊन ठेपते. लेखीत एक-दोन गुण मिळाले की झाले. बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे असे, की कलाशाखेला किंवा एखाद्या व्यवसायाला जाणाऱ्या मुलाला एका विज्ञानासाठी का अडवायचे? एक-दोन विषय राहिले तरी अकरावीला जाऊ देणारी एटीकेटी आहे, जास्त गुणांच्या पाच विषयांवर टक्केवारी काढणारे ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ २०१० पासून आहे, मग हेही त्याच वाटेवरचे. यात दम आहे. पण एटीकेटीत विषय सुटेपर्यंत मूल त्याला बांधलेले असते, आणि बेस्ट ऑफ फाइव्ह टक्केवारीपुरते असते. शेरा मात्र पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला सांगतो की हे दार तुझ्यासाठी बंद. आणि तो कुठे जास्त पडेल, हे ओळखायला भविष्यवेत्ता लागत नाही. जिथे बाटली कपाटात आहे तिथे.

याच काळात मराठवाड्याचे दुसरे टोकही तयार झाले. लातूरच्या महाविद्यालयांत ऐंशी-नव्वदच्या दशकांत सराव परीक्षा, प्रश्नसंच आणि पहाटेपासूनच्या तासांची जी पद्धत घडली, तिला राज्याने लातूर पॅटर्न म्हटले. बारावीच्या गुणांवर प्रवेश होते तोवर आणि १९९९ मध्ये सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा आल्यावरही ती चालली. नीट या वैद्यकीय प्रवेशाच्या देशव्यापी परीक्षेच्या जमान्यात तिचे शिकवणी वर्ग झाले. रसायन हा त्यात गुण पाडून देणारा विषय, म्हणून त्याला मान. वैद्यकीय प्रवेशाचे ७०:३० सूत्र, म्हणजे ७० टक्के जागा त्या विभागातल्या मुलांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना, २०२० मध्ये गेले तेव्हा त्याचे इथे स्वागत झाले, कारण जागा कमी आणि गुणवान मुले जास्त ही मराठवाड्याची जुनी तक्रार होती. पण या पॅटर्ननेही परीक्षानळी परत आणली नाही. विस्थापन अभिक्रिया ओळखा, चार पर्याय, वेळ पाऊण मिनिट.

ती विस्थापन अभिक्रिया प्रत्यक्ष पाहायची असेल तर अंबड-पैठणकडच्या मोसंबीच्या बागेत जावे. बुरशीवर फवारायच्या एक टक्का बोर्डो मिश्रणासाठी एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि एक किलो चुना वेगवेगळ्या पाण्यात भिजवून एकूण शंभर लिटर करतात, तेही प्लास्टिकच्या पिंपात. लोखंडी भांडे चालत नाही. फवारणीआधी शेतकरी घासून लखलखीत केलेला विळा मिश्रणात थोडा वेळ बुडवतो. पात्यावर तांबूस थर चढला तर मोकळे तांबे उरले आहे, पाने करपतील, म्हणून आणखी चुन्याची निवळी घालायची. थर चढला नाही तर पंप भरायचा. लोखंड तांब्याला द्रावणातून हुसकावून त्याची जागा घेते, अशा विस्थापनाचा पाठ दहावीच्या तिसऱ्या धड्यात मोरचुदाच्या निळ्या द्रावणाने शिकवला आहे. विळा बुडवणाऱ्याच्या घरातला मुलगा तोच धडा पाठ करतो, आणि दोन्ही एकच आहेत हे त्याला वर्गात सांगितले जातेच असे नाही.

२०१८ च्या पुस्तकात हा धडा आवर्ती वर्गीकरणानंतर येतो. देशपातळीवरच्या दहावीच्या पुस्तकातून २०२३ मध्ये आवर्ती वर्गीकरणाचा धडा भार कमी करण्याच्या नावाखाली काढला, तेव्हा राज्याच्या पुस्तकाने तो ठेवला होता. त्याबद्दल राज्याचे कौतुक झाले नाही, व्हायला हवे होते. आता राज्याचा नवा अभ्यासक्रम २०२५-२६ ला पहिलीपासून टप्प्याटप्प्याने सुरू झाला असून जाहीर वेळापत्रकात दहावीची पाळी २०२८-२९ ला ठेवली होती. विसाची तरतूदही नव्या अभ्यासक्रमासोबतच येईल असे सांगितले गेले, म्हणजे तोवर ३५ कायम. प्रात्यक्षिकाचे २० गुण बाहेरच्या परीक्षकासमोर घ्यायचे का, यावर त्या चर्चेत फारसे कोणी बोलले नाही.