पासपोर्टच्या फॉर्ममधले रकाने आले कुठून?

पासपोर्टचा फॉर्म भरताना मराठी माणूस पहिल्यांदा अडतो तो स्वतःच्याच नावाशी. दहावीच्या प्रमाणपत्रावर बोर्डाने आडनाव आधी छापलेलं असतं, समजा ‘कदम सुनीता रमेश’. आधारवर तेच ‘सुनीता रमेश कदम’ होतं. फॉर्ममध्ये रकाने दोनच, गिव्हन नेम आणि सरनेम. ‘सुनीता रमेश’ पहिल्यात आणि ‘कदम’ दुसऱ्यात भरायचं, मधल्या नावाला वेगळी जागा नाही.

ही विभागणी आपल्याकडची नव्हे. पहिल्या महायुद्धाआधी बऱ्याच देशांत पासपोर्टशिवाय ये-जा चालायची. युद्धात सरहद्दी आवळल्या गेल्या आणि १९२० मध्ये राष्ट्रसंघाच्या पॅरिस परिषदेत ३२ पानी पुस्तिकेचा नमुना ठरला. पुढे १९८० मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने यंत्राला वाचता येतील अशा पासपोर्टचे नियम काढले. फोटोच्या पानाच्या तळाशी ४४-४४ खुणांच्या दोन ओळी असतात, त्या तिथूनच आल्या. वरच्या ओळीत नावासाठी ३९ जागा, त्यात आधी आडनाव, मग दोन कोनचिन्हं, मग उरलेलं सगळं नाव.

याचा खरा जाच होतो लग्न झालेल्या बाईला. आपल्याकडे आडनाव बदललं की मधलं नावही बदलतं, वडिलांच्या जागी नवऱ्याचं येतं. म्हणजे फॉर्मच्या हिशेबी तिचे दोन्ही रकाने बदलले. व्हिसाच्या अधिकाऱ्यापुढे जुनी पदवी आणि नवा पासपोर्ट ही दोन वेगळ्या बायकांची कागदपत्रं वाटू शकतात. अमेरिकेच्या डीएस-१६० फॉर्ममध्ये ‘अदर नेम्स यूज्ड’ असं विचारतात, तिथे माहेरचं पूर्ण नाव लिहायलाच हवं. माझ्या मते नाव बदलायचं की नाही हे ठरवतानाच घरात या रकान्यांचाही विचार व्हावा.

दुसरा गोंधळात टाकणारा प्रश्न नॉन-ईसीआरचा, म्हणजे परदेशी नोकरीला जाताना सरकारी मंजुरी न लागणाऱ्या गटात तुम्ही येता का याचा. त्याची मुळं गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर परदेशी नेलेल्या मजुरांच्या काळात आहेत. मजूर फसवून जहाजावर चढवले जाऊ नयेत म्हणून इंग्रज सरकारने १८३७ पासून कायदे केले आणि बंदरांवर ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ हे अधिकारी नेमले. कागदावरचं हे संरक्षण प्रत्यक्षात किती तोकडं होतं, ते मॉरिशसला गेलेल्या कोकणी कुटुंबांनी सोसलं. आखातातल्या नोकऱ्यांची भरती मुंबईतून जोरात सुरू झाल्यावर १९८३ चा उत्प्रवासन कायदा आला. दहावी न झालेला वेल्डर किंवा सुतार सौदी, कुवेत, ओमानसारख्या १८ देशांत नोकरीला निघाला, तर आजही प्रोटेक्टरची मंजुरी लागते. नुसतं फिरायला जाणाऱ्याला ती लागत नाही. मुंबईत बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुल) विदेश भवनात २०१७ पासून पासपोर्ट कार्यालय आणि प्रोटेक्टरचं कार्यालय एकाच इमारतीत आहेत. दहावी झालेल्याने नॉन-ईसीआरला ‘हो’ म्हणावं आणि प्रमाणपत्र जोडावं.

पासपोर्ट हा आपला हक्क, हेही उशिराच ठरलं. १९६७ पर्यंत तो द्यायचा की नाही हे सरकारच्या मर्जीवर होतं. त्या वर्षी सतवंतसिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशप्रवास व्यक्तिस्वातंत्र्यात धरला, आणि काही आठवड्यांत पासपोर्ट कायदा झाला. आज अर्ज नाकारला तर कारण द्यावं लागतं, ते या कायद्यामुळे.

डिसेंबर २०१६ मध्ये नियम बरेच सैल झाले. आई किंवा वडील, एकाचंच नाव पुरेसं झालं. एकट्याने मूल वाढवणाऱ्या आयांना केवढा दिलासा मिळाला! लग्नाच्या दाखल्याची सक्तीही गेली. २६ जानेवारी १९८९ नंतर जन्मलेल्यांना जन्मदाखला लागायचाच, त्याऐवजी शाळेचा दाखला, पॅन, आधार चालू लागलं.

ती सवलत आता पुढच्या पिढीला नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखला चालतो. मुंबईत पुष्कळ दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं, कारण बारशाआधीच हॉस्पिटलने नोंद पाठवलेली असते. ते नाव महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात नंतर घालून घेता येतं, पहिल्या वर्षात विनाशुल्क.