केप कॉडचे पांढरे शार्क

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील केप कॉड या वाळूच्या द्वीपकल्पालगत दरवर्षी उन्हाळा ते शरद ऋतू या काळात जमणारे पांढरे शार्क (शास्त्रीय नाव कार्कारोडॉन कार्कारियास). मोठे शार्क अन्नामागे किनाऱ्याजवळच्या पाण्यात येऊन स्थिरावण्याचे हे सर्वांत बारकाईने अभ्यासलेले उदाहरण मानता येईल. कोकणात शार्कला मुशी म्हणतात आणि मालवणी-गोमंतकी ताटात मोरी म्हणून जी येते ती बहुधा लहान जातीची मुशी असते. येथे ज्याची चर्चा आहे तो मासा वेगळ्याच मापाचा. प्रौढ मादी साडेचार ते पाच मीटर लांब भरते, नर त्याहून लहान असतो.

नकाशावर केप कॉड कोपरात दुमडलेल्या हातासारखा दिसतो. कोपराशी चॅटम हे गाव, मुठीशी प्रॉव्हिन्सटाउन आणि मधल्या भागात वेलफ्लीट व ट्रुरो. या हाताची बाहेरची, म्हणजे पूर्वेची बाजू थेट अटलांटिक महासागराकडे उघडी आहे. तिथली लांबच लांब पुळण १९६१ पासून राष्ट्रीय सागरकिनारा म्हणून राखलेली आहे. चॅटमच्या दक्षिणेला मोनोमॉय हे वाळूचे बेट आहे. शार्कांची गोष्ट खरे तर या बेटावर पहुडणाऱ्या सीलांपासून सुरू होते.

राखी सील हा जड अंगाचा प्राणी आहे. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन ३०० किलोच्या पुढे जाते. सील मासे खातो आणि जाळी फाडतो, म्हणून मच्छीमारांचा त्याच्यावर राग होता. मॅसॅच्युसेट्स सरकारने १८८८ पासून १९६२ पर्यंत, काही वर्षांचे खंड सोडता, सील मारणाऱ्याला रोख बक्षीस दिले. पुरावा म्हणून सीलचे नाक कापून आणावे लागे. शेजारच्या मेन राज्यातही हीच रीत होती. दोन्ही राज्यांत मिळून ७२ हजार ते १ लाख ३५ हजार सील मारले गेले असावेत, असा एक अंदाज आहे. विसाव्या शतकाच्या मध्याला या किनाऱ्यावरचे राखी सील जवळजवळ संपले होते. १९७२ मध्ये सागरी सस्तन प्राण्यांना संरक्षण देणारा केंद्रीय कायदा झाला आणि कॅनडाच्या बाजूने सील हळूहळू परतू लागले. आधी केप कॉडच्या दक्षिणेकडील नॅनटकेट बेटाजवळच्या मस्केगेट बेटावर पिल्ले दिसू लागली, नंतर मोनोमॉयवरही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उपग्रहचित्रांवरून मोजणी केली गेली, तेव्हा आग्नेय मॅसॅच्युसेट्समध्ये ३० ते ५० हजार राखी सील असल्याचे दिसले.

शार्कांचाही काळ वाईटच होता. १९७० आणि १९८० च्या दशकांत लांबदोरीची (एका लांब दोरीला अनेक गळ लावून केलेली) मासेमारी आणि हौशी शिकार यांमुळे वायव्य अटलांटिकमधील पांढऱ्या शार्कांची संख्या खूप घटली. त्या काळात ते दिसत ते बहुधा खोल समुद्रात तरंगणाऱ्या मेलेल्या देवमाशाभोवती. १९९७ मध्ये अमेरिकेने अटलांटिकमध्ये हा मासा पकडण्यावर बंदी घातली, तर मॅसॅच्युसेट्सने २००५ मध्ये. बंदीचे फळ लगेच दिसणे शक्यच नव्हते. या जातीची मादी प्रजननक्षम व्हायला तीसएक वर्षे घेते आणि आयुष्य सत्तर वर्षांपर्यंत जाऊ शकते.

पांढऱ्या शार्कचे खाणे वयाबरोबर बदलते, हा या साऱ्यातला कळीचा मुद्दा आहे. लहानपणी तो मुख्यतः मासे खातो. न्यूयॉर्कजवळच्या समुद्रात अशा पिल्लांचा वावर आढळला आहे. लांबी तीन मीटरच्या आसपास गेली की दात रुंद होतात आणि चरबीदार सील त्याच्या आहारात येतो. त्याचे रक्त इतर बहुतेक माशांसारखे भोवतालच्या पाण्याइतके थंड नसते. शरीराचे काही भाग तो उबदार राखतो, त्यामुळे केप कॉडचे गार पाणी त्याला अडवत नाही. पण ही ऊब टिकवायला इंधन लागते, आणि हजारो सील एकाच किनाऱ्यावर असणे म्हणजे ते इंधन आयते मिळणे.

२००९ च्या सप्टेंबरमध्ये राज्याच्या मत्स्यविभागातील जीवशास्त्रज्ञ ग्रेग स्कोमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चॅटमजवळ पाच पांढऱ्या शार्कांना भाल्याने खुणपट्ट्या (माग काढण्यासाठीचे टॅग) लावल्या. तेव्हापासून नियमित अभ्यास सुरू झाला. होडीच्या पुढच्या टोकावरून काठीला लावलेला कॅमेरा पाण्यात बुडवून चित्रण करायचे आणि कल्ल्यांजवळचे, परांवरचे डाग पाहून एकेक शार्क ओळखायचा, अशी पद्धत. २०१५ ते २०१८ या चार हंगामांत सुमारे ८०० वेगवेगळे शार्क येथे येऊन गेल्याचा अंदाज त्यातून निघाला. हा आकडा एका दिवसाचा नव्हे. बातम्यांत तो अनेकदा तसा वाचला जातो. शार्क जूनमध्ये येऊ लागतात, ऑगस्ट ते ऑक्टोबर हा भर असतो, आणि थंडी पडली की बरेचसे दक्षिणेला फ्लोरिडा व मेक्सिकोच्या आखाताकडे निघून जातात.

माणसाच्या दृष्टीने अडचणीची गोष्ट म्हणजे शिकारीची जागा. बाहेरच्या केपला किनाऱ्याला समांतर वाळूचे दांडे पडतात आणि दांडा व पुळण यांच्यामध्ये पाण्याचा चर राहतो. सील या चरातून ये-जा करतात, म्हणून शार्कही तिथेच फिरतात. आठ शार्कांवर लावलेल्या यंत्रांच्या नोंदींनुसार केपजवळ असताना त्यांचा ४७ टक्के वेळ साडेचार मीटरपेक्षा कमी खोल पाण्यात गेला. आंघोळीला उतरणारे आणि लाटांवर फळी घेऊन जाणारेही त्याच पाण्यात असतात. सीलांनी आपल्या परीने उपाय शोधला आहे: शार्कांच्या हंगामात ते दिवसा पुळणीवर पडून राहतात आणि भक्ष्य शोधायला रात्री बाहेर पडतात.

२०१२ मध्ये ट्रुरो येथे एका पोहणाऱ्याला शार्कने चावा घेतला, तो वाचला. ऑगस्ट २०१८ मध्ये ट्रुरोतच दुसरा पोहणारा जबर जखमी झाला. महिन्याभरात, १५ सप्टेंबर २०१८ रोजी, वेलफ्लीटच्या न्यूकम हॉलो पुळणीवर २६ वर्षांच्या तरुणाचा मृत्यू झाला. मॅसॅच्युसेट्समध्ये शार्कने घेतलेला त्याआधीचा बळी १९३६ मधला होता. लोकांच्या रागाचा रोख शार्कांइतकाच सीलांकडेही वळला. सील मारावेत, शार्कांसाठी आमिषाचे गळ लावावेत, अशा मागण्या झाल्या. दोन्ही प्राणी कायद्याने संरक्षित असल्याने त्या पुढे सरकल्या नाहीत. जाळ्या, ध्वनियंत्रे, टेहळणीचे फुगे, ड्रोन अशा अनेक उपायांची तपासणी करणारा अहवाल २०१९ मध्ये आला. कोणताच उपाय पूर्ण सुरक्षितता देत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. शेवटी स्वीकारले गेले ते साधे उपाय. शार्कचे चित्र असलेला जांभळा झेंडा, रक्तस्राव थांबवण्याची पेटी, मोबाइलला रेंज नसलेल्या पुळणींवर तातडीचे दूरध्वनी आणि शार्क दिसल्याची सूचना देणारे ॲप.

त्याच चॅटममध्ये जुलै २०१५ मध्ये दोन मीटरहून थोडा लांब असा एक तरुण शार्क ओहोटीला वाळूवर अडकला होता. लोकांनी बादल्यांनी पाणी ओतून त्याला जिवंत ठेवले आणि मग दोर बांधून समुद्रात नेले. गावातल्या दुकानांत शार्कच्या चित्रांचे सदरे विकले जातात आणि शार्क दाखवायला होड्याही जातात.

'नव्या पाण्यात आलेले शार्क' हा शब्दप्रयोग केप कॉडला पुरता लागू पडत नाही. हे पाणी त्यांच्यासाठी नवे नव्हे. सील संपल्यामुळे मधली काही दशके तिथे यायला कारण उरले नव्हते, इतकेच. खरोखर नव्या जागी जाण्याची उदाहरणे वेगळी आहेत. कॅलिफोर्नियात २०१४ च्या सागरी उष्णतेच्या लाटेनंतर पांढऱ्या शार्कांची पिल्ले दक्षिणेतून माँटेरे उपसागरापर्यंत वर सरकली. तिथे कारण अन्न नव्हे, तापमान होते. दक्षिण आफ्रिकेच्या फॉल्स बे येथून मात्र पांढरे शार्क सील मुबलक असतानाही जवळजवळ नाहीसे झाले. शार्कांचे यकृत खाणाऱ्या दोन ऑर्का देवमाशांची दहशत हे त्याचे एक कारण मानले जाते.

केप कॉडच्या उत्तरेलाही सील वाढले आहेत. जुलै २०२० मध्ये मेन राज्यातील बेली बेटाजवळ पोहणाऱ्या एका स्त्रीचा पांढऱ्या शार्कच्या हल्ल्यात मृत्यू झाला. त्या राज्यातील ही पहिलीच प्राणघातक घटना. त्यानंतर खुणपट्टी लावलेले शार्क जवळून गेल्यास नोंद करणारी ध्वनिग्राहक यंत्रे मेनच्या किनाऱ्यावरही बसवण्यात आली.