तारापूर अणुवीज केंद्र, एकक १ व २ : वार्धक्य-व्यवस्थापन आणि परवाना नूतनीकरण

पालघर जिल्ह्यातील तारापूरची पहिली दोन एकके २८ ऑक्टोबर १९६९ रोजी व्यापारी तत्त्वावर सुरू झाली. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने पुरवलेल्या या उकळत्या पाण्याच्या (भट्टीतच पाण्याची वाफ करणाऱ्या) भट्ट्या जगातल्या सर्वांत जुन्या अणुभट्ट्यांत मोडतात. प्रत्येकीची मूळ क्षमता २१० मेगावॅट होती. दुय्यम बाष्पजनित्रांच्या (भट्टीच्या उष्णतेवर जादा वाफ तयार करणाऱ्या यंत्रांच्या) नळ्या गळू लागल्याने ती जनित्रे वापरातून काढावी लागली आणि १९८० च्या दशकात क्षमता १६० मेगावॅटवर आली.

अमेरिकेत परवाना ४० वर्षांचा असतो आणि पुढे २० वर्षांच्या टप्प्यांनी वाढवला जातो. भारतात अणुऊर्जा नियामक मंडळ जास्तीत जास्त पाच वर्षांचा परवाना देते आणि दर दहा वर्षांनी सर्वंकष सुरक्षा आढावा मागते. मंडळ १९८३ चे, म्हणजे तारापूर त्याहून चौदा वर्षांनी थोरले. आढाव्यात केंद्र आजच्या निकषांवर घासून पाहिले जाते. जुन्या केंद्राला हीच पद्धत अधिक मानवते, कारण त्याचे खरे दुखणे नुसत्या झिजेत नसून मूळ आराखड्यातही असते. तारापूरला दोन्ही एककांच्या काही सुरक्षा यंत्रणा सामाईक होत्या. एका एककातला बिघाड दुसऱ्याला भोवू शकत होता. २००५-०६ मध्ये एकके थांबवून आणीबाणीचा वीजपुरवठा एककनिहाय वेगळा केला गेला, अधिक क्षमतेची डिझेल जनित्रे बसवली गेली आणि मुख्य कक्ष निकामी झाल्यास वापरायचा पूरक नियंत्रण कक्ष उभारला गेला.

सर्वांत चिवट प्रश्न पुनराभिसरण पाइपांचा, म्हणजे भट्टीतले पाणी पुन्हा पुन्हा इंधनाकडे फिरवणाऱ्या पाइपांचा. त्या काळच्या भट्ट्यांत हे पाइप ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे असत. त्यात ०.०८ टक्क्यांपर्यंत कार्बन चालतो. वेल्डिंगच्या वेळी जोडालगतची पट्टी साधारण ५०० ते ८०० अंश सेल्सिअसला तापते, कार्बन गंज रोखणाऱ्या क्रोमियमला धरतो आणि धातूच्या कणांच्या सीमांवर क्रोमियम कमी पडते. गंज नेमका तिथे शिरतो. त्यात वेल्डिंगनंतर धातूत उरलेला ताण आणि सुमारे २८५ अंशांच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन यांची भर पडली की कणसीमांवरून तडे आत सरकतात. तिन्ही कारणे एकत्र आली तरच तडा पडतो, म्हणून उपायही तीन : पाण्यात हायड्रोजन सोडून ऑक्सिजन कमी करणे, जोडांतला ताण उतरवणे, किंवा ०.०३ टक्क्यांहून कमी कार्बनचे पोलाद वापरून पाइपच बदलणे.

तडा आतून सुरू होतो, त्यामुळे बाहेरून नुसत्या नजरेने काही कळत नाही. अल्ट्रासॉनिक चाचणीतही जोडाच्या मुळाकडून येणारा प्रतिध्वनी तड्यासारखा भासतो. जुन्या नोंदींशी ताडून पाहिल्याशिवाय निदान पक्के होत नाही.

२०२० मध्ये दोन्ही एकके थांबली आणि पाइप बदलण्याचे मोठे काम हाती घेतले गेले. असल्या कामात आधी इंधन बाहेर काढतात, दाबपात्राची (इंधन ज्यात असते त्या जाड पोलादी पात्राची) तोंडे बंद करतात आणि पाइपांच्या आतला किरणोत्सारी थर रसायनांनी धुऊन काढतात. धुलाई नीट झाली नाही तर कामगारांची किरणमात्रा झपाट्याने भरते. मर्यादा पाच वर्षांत १०० मिलिसिव्हर्ट (किरणमात्रेचे एकक) आणि कोणत्याही एका वर्षात ३०. म्हणून कापणी-वेल्डिंगचा सराव आधी हुबेहूब नमुन्यावर करून घेतात.

तपासणीच्या यादीतून सुटलेला भाग सर्वांत घातक. जपानच्या मिहामा-३ केंद्रात ९ ऑगस्ट २००४ रोजी फुटलेला पाइप मुळात १० मिलिमीटर जाड होता. पाण्याच्या प्रवाहाने झिजून तो एके ठिकाणी १.४ मिलिमीटर उरला होता. तो भाग यादीत नसल्याने २८ वर्षे तपासलाच गेला नव्हता. पाच कामगार दगावले.

केबल, झडपा, पंप बदलता येतात. केबलच्या आवरणाचा नमुना ताणून पाहतात. तुटेपर्यंतचा ताणवा ५० टक्क्यांखाली आला की केबल सहसा काढतात. दाबपात्र मात्र व्यवहारात बदलता येत नाही. न्यूट्रॉनांच्या माऱ्याने त्याचे पोलाद ठिसूळ होत जाते. तांबे-फॉस्फरस जास्त असल्यास लवकर. उकळत्या पाण्याच्या भट्टीत गाभा (इंधनाचा भाग) आणि पात्र यांच्यामध्ये पाण्याचा रुंद पट्टा असल्याने मारा तुलनेने सौम्य राहतो. त्याच पोलादाचे तुकडे कॅप्सूलमध्ये भरून पात्रात ठेवलेले असतात. ठरावीक काळाने ते काढून हातोड्याच्या आघाताने मोडतात आणि ४१ जूल ऊर्जा कोणत्या तापमानाला शोषली जाते ते पाहतात. हे तापमान वर सरकले की भट्टी तापवताना-निववताना दाब व तापमानाच्या मर्यादा नव्याने आखाव्या लागतात. कॅप्सूल मोजकीच असतात. भट्टीची मुदत वाढली की मोडलेल्या तुकड्यांच्या अर्ध्या भागांना दोन्ही टोकांना पोलाद जोडून पुन्हा पूर्ण मापाचे नमुने तयार करतात.