पालक-प्रश्नावलीद्वारे जोखमीच्या बाळांची विकास-तपासणी

जन्माच्या वेळी किंवा लगेच नंतर धोक्यातून गेलेल्या बाळाचा विकास वयाप्रमाणे होतो आहे का, हे आईवडिलांच्या उत्तरांवरून चाळून पाहण्याची पद्धत. बत्तीस आठवड्यांच्या आत किंवा दीड किलोपेक्षा कमी वजनाची जन्मलेली, जन्मल्यावर न रडलेली, झटके आलेली, कावीळ वाढून रक्त बदलावे लागलेली, मेंदूज्वर झालेली बाळे जोखमीची मानली जातात. घरी त्यांची ओळख ‘पेटीत ठेवलेलं बाळ’ अशी असते. या चाळणीतून निदान होत नाही. सविस्तर चाचणीला कोणाला पाठवायचे, एवढेच ठरते.

दवाखान्याच्या दहा मिनिटांत बाळ एकतर रडते, नाहीतर झोपते. ते एरवी काय करते हे घरच्यांनाच ठाऊक असते. मात्र ‘बाळ बरं आहे ना?’ असे विचारले की ‘हो’ याशिवाय उत्तर येत नाही. म्हणून प्रश्न नेमका लागतो: बाळ बारीक दाणा अंगठा आणि बोटाच्या टोकांत धरून उचलते का?

या प्रकारातली सर्वांत रुळलेली प्रश्नावली म्हणजे ‘एजेस अँड स्टेजेस’ (एएसक्यू). अमेरिकेतील ओरेगन विद्यापीठात जेन स्क्वायर्स, डायान ब्रिकर आणि सहकाऱ्यांनी ती तयार केली. पहिली आवृत्ती १९९५ची, तिसरी २००९ची. तिसऱ्या आवृत्तीत दोन महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत वयानुसार २१ वेगवेगळे फॉर्म आहेत. बोलणे-समजणे, मोठ्या हालचाली, हाताबोटांची कामे, युक्तीने अडचण सोडवणे आणि स्वतःचे व इतरांशी वागणे या पाच विभागांत प्रत्येकी सहा प्रश्न असतात. ‘हो’ला १० गुण, ‘कधी कधी’ला ५, ‘अजून नाही’ला शून्य. ‘अजून’ हा शब्द मोलाचा आहे. नुसत्या ‘नाही’वर खूण करताना आईचा हात अडखळतो. विभागाचे गुण सरासरीच्या दोन प्रमाण-विचलनांखाली, म्हणजे त्या वयाच्या बहुतेक मुलांपेक्षा बरेच खाली गेले, तर बाळाला पुढे पाठवतात.

अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी वय दुरुस्त करून धरतात. तिसाव्या आठवड्यात जन्मलेले बाळ आज आठ महिन्यांचे असेल, तर पूर्ण चाळीस आठवड्यांना कमी पडलेले दहा आठवडे वजा करून ते साडेपाच महिन्यांचे मानायचे आणि फॉर्म सहा महिन्यांचा द्यायचा. ही वजाबाकी दोन वर्षांचे होईपर्यंत चालते. ती राहून गेली की धडधाकट बाळही मागे पडल्यासारखे दिसते.

भाषांतर शब्दाला शब्द ठेवून भागत नाही. मूळ फॉर्ममधल्या चीरिओजऐवजी (अमेरिकेतल्या न्याहारीच्या बारीक कड्या) आपल्याकडे चुरमुरा हवा. फॉर्म वाचता येत नसेल तर कोणीतरी वाचून दाखवते, आणि मग समोरच्याला आवडेल असे उत्तर देण्याचा मोह होतो. आई कामावर जात असेल, तर खरी माहिती आजीकडे असते. शंका आली की आठवणीवर न जाता तिथेच बाळापुढे वस्तू ठेवून पाहणे उत्तम.

जोखमीच्या बाळांत एक फसगत ठरलेली. ‘पायांत किती जीव आहे, धरलं की ताठ उभा राहतो!’ असे घरचे कौतुकाने सांगतात. तो ताठपणा स्नायूंच्या वाढलेल्या ताणाचा, म्हणजे सेरेब्रल पाल्सीच्या (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर येणाऱ्या अपंगत्वाच्या) सुरुवातीचाही असू शकतो. वर्षाच्या आत एकाच हाताने सगळे उचलणे हीदेखील धोक्याची खूण. त्यामुळे कागदावर ‘हो’ असले तरी डॉक्टरांनी हातपाय हलवून पाहावेच लागतात. ऐकण्याची आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी तर वेगळीच करायची.

या प्रश्नावलीची हिंदी आवृत्ती दिल्लीत २०० मुलांवर पडताळण्यात आली. निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. विकासात मागे असलेल्या शंभरांतली सुमारे ८३ मुले तिने पकडली, जोखमीच्या गटात त्याहून अधिक. उलट ठीक असलेल्या चारांतल्या साधारण एकालाही तिने संशयित ठरवले. चाळणीसाठी हा सौदा परवडतो, पण पुढच्या चाचणीची तारीख येईपर्यंत त्या घराची झोप उडते, हेही खरे.

पक्क्या मापनासाठी भारतात दासी (डीएएसआयआय) ही बडोद्याच्या मुलांवरून प्रमाणित झालेली चाचणी वापरतात. तिच्यात हालचालींच्या ६७ आणि मानसिक विकासाच्या १६३ बाबी आहेत. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात विकासातील विलंबाचाही शोध घेतला जातो आणि अशा मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवले जाते.

एका फॉर्मवर मात्र थांबता येत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी १९८७–८९ मधल्या कमी वजनाच्या बाळांचा अठराव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला. लेखन आणि गणितातल्या अडचणी त्यांना बाराव्या वर्षी दिसल्या, म्हणजे पाच वर्षांचा शेवटचा फॉर्म भरून संपल्यावर कितीतरी काळाने.